अन्नवस्त्र आणि वाटा

द्वारका हे नाव कानावर पडताच मराठी श्रोत्याच्या मनात समुद्रकाठची सोन्याची नगरी उभी राहते. पंढरीचा विठोबा द्वारकेहून आला अशी आपली श्रद्धा आहे. आणि फाटक्या वस्त्रात मूठभर पोहे बांधून सुदामा निघाला तोही द्वारकेलाच. सुदाम्याच्या कथेतील एक गोष्ट मात्र सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. तो काही मागावयास गेला होता, पण मागणे त्याच्या ओठांवर आलेच नाही. त्याला जे मिळाले ते मित्राच्या कृपेने मिळाले. ते मिळाले नसते, तर त्याबद्दल दाद मागण्याची सोय त्या सोन्याच्या नगरीत कोठेही नव्हती.

राजधानी दिल्लीच्या नैर्ऋत्येला दुसरी एक द्वारका आहे. पपनकलाँ या नावाने पूर्वी ओळखल्या जाणाऱ्या भागात दिल्ली विकास प्राधिकरणाने ही उपनगरी वसविली, आणि २००५ साल संपता संपता तेथे मेट्रो रेल्वे जाऊन पोहोचली. या द्वारकेच्या दहाव्या सेक्टरमध्ये एक सरकारी इमारत आहे आणि तिच्या पाचव्या मजल्यावर अपंग व्यक्तींसाठी नेमलेल्या मुख्य आयुक्तांचे कार्यालय आहे. पूर्वी ते भगवानदास मार्गावर होते. तेथून ते येथे आले. अपंगत्वाच्या कारणाने आपला हक्क डावलला गेला असे ज्याला वाटते, त्याने येथे अर्ज करावा. वकील द्यावाच लागतो असे नाही, शुल्क भरावे लागत नाही. साध्या कागदावर लिहिलेली हकीकत पुरते.

सुदाम्याच्या द्वारकेपासून या द्वारकेपर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे. तो दोन शब्दांच्या आधारे दाखविता येईल, असे मला वाटते. पहिला शब्द आहे 'अन्नवस्त्र' आणि दुसरा 'वाटा'.

प्रथम जुन्या धर्मशास्त्राकडे वळू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलोपार्जित धनात ज्यांना अंश नाही अशांची गणना केलेली आहे. तिच्यात जन्मांध आणि जन्मबधिर आहेत, वेडा आणि मंदबुद्धी आहे, मुका आहे, आणि ज्याचे एखादे इंद्रिय निकामी झाले आहे असाही आहे. याज्ञवल्क्याने आपल्या यादीत पांगळा आणि असाध्य रोगाने पीडलेला यांचाही समावेश केला. परंतु याच्या पुढच्याच श्लोकात मनू असे बजावतो की, या सर्वांना यथाशक्ति जन्मभर अन्न आणि वस्त्र देणे हे शहाण्या माणसाचे कर्तव्य होय; जो देणार नाही तो पतित होईल. शास्त्रकारांनी या तरतुदीला 'ग्रासाच्छादन' असे नाव दिले. ग्रास म्हणजे घास आणि आच्छादन म्हणजे अंगावरचे वस्त्र. अर्थ असा की, घरातील आंधळ्या भावाला उपाशी ठेवावयाचे नाही. परंतु जमिनीच्या वाटणीत त्याचे नाव घालावयाचे नाही. ज्या नियमाने घरातील भावाला वाटा नव्हता, त्याच न्यायाने राजवाड्यात धृतराष्ट्राला सिंहासन नव्हते. तो वडील होता, तरी जन्मांध म्हणून राज्य धाकट्या पांडूकडे गेले. आणि पुढच्या सर्व अनर्थाची एक मुळी या निर्णयात रुजलेली होती, हे महाभारताच्या वाचकांना सांगावयास नको.

या नियमाचा अर्थ लावण्याचे काम ज्या पंडिताने केले तो आपल्या शेजारचाच. बाराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. विज्ञानेश्वराची बुद्धी न्यायाधीशाची होती. नियम कठोर आहे हे त्याने नाकारले नाही, पण त्याची कक्षा त्याने शक्य तितकी आवळली. दोष वाटणीपूर्वीचा असला तरच वाटा जातो, असे तो म्हणतो. वाटणी झाल्यानंतर एखाद्याचे डोळे गेले तर मिळालेला वाटा काढून घेता येत नाही. औषधोपचाराने दोष नाहीसा झाला तर वाटणीनंतरही त्याला त्याचा अंश द्यावा लागतो. बापाला वाटा नसला तरी त्याच्या निर्दोष मुलाला तो मिळतो, मुलींचे लग्न होईपर्यंत पालनपोषण करावे लागते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या सर्व विषयाचा साक्षेपाने परामर्श घेतलेला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याच विषयाची दुसरी बाजू दिसते. तेथे वाक्पारुष्याच्या प्रकरणात, म्हणजे शिवीगाळीच्या प्रकरणात, दंडाचे कोष्टकच दिलेले आहे. काण्याला काणा किंवा लंगड्याला लंगडा म्हणून हिणविले आणि ते खरे असले, तर तीन पण दंड. ते खोटे असले, तर सहा पण. परंतु काण्याला उपहासाने 'काय सुंदर डोळे आहेत!' असे म्हटले, तर दंड बारा पणांचा. खोट्या स्तुतीची जखम खऱ्या शिवीपेक्षा चौपट खोल जाते, हे त्या व्यवहारचतुर मंत्र्याने ओळखले होते. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, अपंगाचा अपमान हा राज्याने दंड करावा असा अपराध आहे, ही कल्पना आपल्या भूमीला परकी नाही.

मध्ययुगीन महाराष्ट्रात अपंग माणूस आपल्याला कोठे भेटतो? तो देवळाच्या पायरीवर भेटतो, यात्रेच्या वाटेवर भेटतो. नाथांच्या भारुडांतून आंधळा, बहिरा, मुका, पांगुळ ही सोंगे येतात. तेथे इंद्रियांचे वैगुण्य हे आध्यात्मिक अज्ञानाचे रूपक झाले आहे. पण रूपक ज्या दृश्यावर उभे आहे ते दृश्य दारोदार दान मागणाऱ्या माणसाचे आहे. याला थोर अपवादही झाले. विदर्भातील गुलाबराव महाराज बालपणीच दृष्टीला मुकले, आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी प्रचंड ग्रंथरचना केली. लोकांनी त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणून गौरविले. असामान्य अंधाचा गौरव करावयास समाज कधीच कमी पडला नाही. प्रश्न होता तो सामान्य अंधाचा. ज्याच्यापाशी प्रज्ञेचे चक्षू नाहीत, ज्याला फक्त घर, काम आणि वाटा हवा आहे, त्याचा.

इंग्रजी अमलात तीन गोष्टी घडल्या. पहिली गणतीची. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या खानेसुमारीत आंधळे, बहिरे-मुके, वेडे आणि महारोगी यांची गणना होत असे. दुसरी गोष्ट शाळांची. बहिऱ्या मुलांसाठी मुंबईत १८८५ साली ख्रिस्ती धर्मगुरूंनी शाळा काढली, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्याच शहरात अंधांसाठीही शाळा निघाल्या. शिकविले तर ही मुले शिकतात, हे या शाळांनी सिद्ध केले. आणि असमर्थतेच्या आधारावर रचलेला सारा जुना युक्तिवाद तेथेच डळमळीत झाला. तिसरी गोष्ट बंदोबस्ताची. १८९८ च्या कायद्याने निष्कांचन महारोग्याला अधिपत्राशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसाला दिला. आजारी माणूस रस्त्यावर दिसणे हाच जणू गुन्हा ठरला. हा कायदा केंद्राच्या कायदेपुस्तकातून निघून जावयास २०१६ साल उजाडावे लागले.

वाटणीच्या बाबतीत न्यायालयांनी मिताक्षरेचाच आधार घेतला, आणि दोष जन्मजात व असाध्य असला पाहिजे असा अर्थ हळूहळू कायम केला. पुढे १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने एक लहानसा कायदा केला. जन्मापासून वेडा किंवा बुद्धिहीन असणारा सोडून इतर कोणालाही शारीरिक दोषामुळे वारसाहक्कातून वगळता येणार नाही, असे त्याने ठरविले. आणि १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमाच्या अठ्ठाविसाव्या कलमाने उरलेला अपवादही पुसून टाकला. कोणताही रोग, दोष किंवा व्यंग हे वारसा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे ते कलम एका वाक्यात सांगते. मनुस्मृतीपासून चालत आलेली ती यादी अशा रीतीने कुटुंबाच्या कायद्यातून संपली. या घटनेला आपण फारसे महत्त्व दिले नाही. पण माझ्या मते भारतीय अपंगांच्या इतिहासातील तो एक मोठा दिवस होय.

घरातील वाटणीचा प्रश्न असा सुटला. परंतु राष्ट्र हेही एक मोठे एकत्र कुटुंब आहे. त्याची मिळकत म्हणजे शाळा, नोकऱ्या, रस्ते, रेल्वे, न्यायमंदिरे. या मिळकतीत अपंगाला वाटा होता काय? राज्यघटनेने येथे अर्धेच उत्तर दिले. पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. त्या यादीत अपंगत्व नाही. ते येते एकेचाळिसाव्या कलमात, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. आणि तेथे काम, शिक्षण व सार्वजनिक साहाय्य यांची तरतूद राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावी, असे सांगितले आहे. मनूच्या 'यथाशक्ति' या शब्दाची आठवण व्हावी, असेच हे शब्द आहेत. हक्क आणि मार्गदर्शक तत्त्व यांतील फरक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतका कोणाला ठाऊक असणार? घटना समितीत त्यांनी ज्या कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले, ते हक्क देणारे कलम नव्हते; हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याची वाट देणारे कलम होते. दाद मागता येत नाही तो हक्क शोभेचा, हे त्या उद्गारामागील तत्त्व होय. अस्पृश्यतेविरुद्ध १९५५ साली शिक्षेची तरतूद असलेला कायदा झाला, आणि १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षणाचा कायदा असे नाव मिळाले. अपंगांच्या नागरी हक्कांना असा कायदा मिळावयास आणखी वीस वर्षे जावी लागली.

मधल्या काळात राज्याचे धोरण दोन टोकांना विभागलेले दिसते. एका टोकाला १९५९ चा मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायदा होता. भीक मिळविण्याच्या हेतूने जखम किंवा व्यंग उघडे करून दाखविणे ही त्या कायद्यात भिक्षेची एक व्याख्याच होती. आणि पहिल्या वेळी भिक्षागृहात एक ते तीन वर्षे डांबून ठेवता येत असे. मुंबईचा हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी राजधानीपुरत्या त्यातील गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. म्हणजे जवळजवळ सहा दशके त्या तेथे लागू होत्या. दुसऱ्या टोकाला आनंदवन होते. १९४९ च्या सुमारास वरोड्याजवळच्या माळावर बाबा आमट्यांनी महारोग्यांना भिक्षेऐवजी कुदळ दिली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी आणि अमरावतीला तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी हीच दिशा आधी धरली होती. या माणसांनी अन्नवस्त्र आणि वाटा यांतील फरक कृतीने दाखविला. आपल्या कष्टाने पिकविलेल्या शेतातील माणूस हा आश्रित नव्हे. पण ही बेटे होती. बेटाबाहेरच्या गावात त्याच माणसाला शाळेत, कचेरीत, गाडीत जागा मिळावी, यासाठी कायदा हवा होता.

तो मागावयास अपंग माणसे स्वतः पुढे आली, आणि येथून या इतिहासाचे पान उलटते. १९७० साली दिल्लीत राष्ट्रीय दृष्टिहीन संघ स्थापन झाला. हा अंधांसाठी काढलेला धर्मादाय नव्हता, अंधांनी काढलेला संघ होता. १९७७ साली केंद्र सरकारने खालच्या दोन वर्गांच्या नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेतील अपंग नागरिक सॅन फ्रॅन्सिस्कोच्या सरकारी कचेरीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसले होते. १९७३ साली झालेल्या कायद्याचे नियम सरकार काढीत नव्हते, म्हणून. कायदा होऊन चार वर्षे गेली आणि नियम नाहीत, हे वाक्य आपल्याकडील कोणत्याही कचेरीत सहज समजेल! मार्च १९८० मध्ये दिल्लीत मागण्या घेऊन निघालेल्या अंधांच्या मोर्चावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या, आणि त्या वार्तेने देश हादरला. अंध माणूस आणि लाठी यांचा संबंध लोकांना ठाऊक होता. तो आधाराचा होता.

१९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने, सनदी सेवांच्या परीक्षेत अंध उमेदवारांना ब्रेल लिपीत किंवा लेखनिकाच्या साहाय्याने उत्तरे लिहू द्यावीत, असा निर्णय दिला. पुढे डिसेंबर १९९५ मध्ये संसदेचे अधिवेशन संपत आले असता, जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी दिल्लीच्या रस्त्यावर उतरले. विधेयक पडून राहण्याची भीती होती. ते मंजूर झाले. समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि संपूर्ण सहभाग अशी तीन उद्दिष्टे नावातच घेऊन आलेला हा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ रोजी अमलात आला. त्यानेच मुख्य आयुक्त आणि राज्याराज्यांतील आयुक्त ही पदे निर्माण केली.

हे पद नीट समजून घेणे जरूर आहे. आयुक्त साक्षीदाराला बोलावू शकतात, कागदपत्रे मागवू शकतात, शपथेवर पुरावा घेऊ शकतात. एवढ्यापुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण शेवटी ते देतात ती शिफारस, हुकूमनामा नव्हे. २०१० साली एका बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मुख्य आयुक्तांना मनाईहुकूम देण्याचा अधिकार नाही. शिवाय मधली काही वर्षे हे पद स्वतंत्रपणे भरले गेले नाही. ज्या खात्यावर देखरेख करावयाची त्याच खात्याच्या सचिवांकडे त्याचा अतिरिक्त कार्यभार राहिला. व्यक्तींच्या योग्यतेविषयी शंका न घेताही असे म्हणता येईल की, पहारेकरी आणि घरमालक एकच असू नयेत. याच पदावर २०११ साली प्रसन्नकुमार पिंचा हे दृष्टिहीन गृहस्थ आले. स्वतः अपंग असलेली व्यक्ती या आसनावर बसण्याची ती पहिली वेळ. ज्यांच्याविषयी निर्णय होतात ते निर्णय करणाऱ्यांत असावेत, ही साधी गोष्ट घडावयास कायदा झाल्यावरही पंधरा वर्षे लागली.

आणि ज्या इमारतीत हे कार्यालय आहे तिचा इतिहासही बोलका आहे. ती इमारत राष्ट्रीय समाजरक्षा संस्थेची. गृहखात्याच्या आधिपत्याखाली १९६१ साली सुधारकार्याचा केंद्रीय विभाग म्हणून या संस्थेचा आरंभ झाला. १९७५ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तुरुंग, बालगुन्हेगार, भिक्षाप्रतिबंध हे तिच्या अभ्यासाचे विषय होते. समाजरक्षा म्हणजे समाजाचे रक्षण, आणि भिक्षेकऱ्याकडे समाजरक्षेचा विषय म्हणून पाहिले जात असे. आज त्याच छताखाली अपंग नागरिक समाजाविरुद्ध तक्रार घेऊन येतो. कोणी मुद्दाम योजून हे केलेले नाही. पण इतिहास कधी कधी जागावाटपाच्या फायलीतूनही आपले म्हणणे सांगतो.

न्यायालयांनी या कायद्याला कसा आकार दिला, याची दोनच उदाहरणे देतो. एका निमलष्करी दलातील शिपायाला सेवेत असताना आपला पाय गमवावा लागला, आणि त्याला अपात्र म्हणून घरी बसविण्यात आले. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढून टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागेल. वाटणीनंतर दोष आला तर वाटा काढून घेता येत नाही, हे विज्ञानेश्वराचे वचन आपण मघाशी पाहिले. न्यायमूर्तींनी मिताक्षरा उघडली नव्हती. पण न्यायबुद्धी जवळजवळ नऊ शतकांनंतर त्याच जागी येऊन पोहोचली. दुसरे उदाहरण २०१३ चे. तीन टक्के राखीव जागा कशाच्या तीन टक्के, हा वाद होता. फक्त अपंगांना योग्य म्हणून निवडलेल्या पदांच्या, असे सरकारी खाती म्हणत. संवर्गातील एकूण रिक्त जागांच्या, असे दृष्टिहीन संघ म्हणे. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यायालयाने संघाचे म्हणणे मान्य केले. कायदा होऊन सतरा वर्षे झाल्यावर टक्केवारीचा पाया निश्चित झाला. वाटा मान्य करावयाचा आणि मोजताना काठी आखूड करावयाची, ही युक्ती भाऊबंदकीत जशी चालते तशी दफ्तरांतही चालते.

भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या अपंग हक्क करारास मान्यता दिली, आणि त्याला अनुसरून २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. अपंगत्वाचे सात प्रकार होते ते एकवीस झाले, राखीव जागा तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर गेल्या. लोकांदेखत अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली गेली. कौटिल्याचे कोष्टक नव्या रूपात परत आले. 'दिव्यांग' हा शब्दही याच सुमारास सरकारी भाषेत रूढ झाला. त्यात सद्‌भाव आहे. तथापि काही अपंग संघटनांनी, आम्हांला दिव्यत्व नको, दरवाजा हवा, अशा अर्थाची नापसंती दर्शविली, तिच्याकडेही दुर्लक्ष करता येणार नाही. नाव बदलण्याने पायरी खाली येत नाही.

पायरीचाच प्रश्न नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे निर्णायक रूपात आला. सार्वजनिक इमारती आणि वाहने सर्वांना वापरता यावीत यासाठी केलेला नियम बंधनकारक नसून नुसता मार्गदर्शक राहिला आहे, म्हणून सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो कायद्याशी विसंगत ठरविला, आणि सक्तीचे किमान नियम तीन महिन्यांत करण्यास सांगितले. 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांतील अंतर म्हणजेच अन्नवस्त्र आणि वाटा यांतील अंतर होय.

महाराष्ट्रात अपंग कल्याणाचे आयुक्तालय पुण्यास आहे, आणि २०२२ साली राज्याने या विषयाचे स्वतंत्र खातेही निर्माण केले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग होते; त्यांतील एकोणतीस लाखांहून अधिक महाराष्ट्रात. ही सारी माणसे द्वारकेपर्यंत कशी जाणार? आता सुनावण्या दूरदृश्य यंत्रणेने होतात, ही मोठीच सोय झाली. परंतु हक्काची खरी परीक्षा पाचव्या मजल्यावर होत नाही. ती तालुक्याच्या कचेरीत, एस. टी.च्या थांब्यावर, शाळेच्या उंबऱ्यावर होते. मुंबईत पदपथांच्या तोंडाशी वाहने चढू नयेत म्हणून खांब रोवले गेले, आणि चाकांच्या खुर्चीचा मार्गही त्यांनी बंद केला. खुर्चीवरून वावरणाऱ्या एका नागरिकाने उच्च न्यायालयाला तसे कळविले, आणि २०२३ साली न्यायालयाने त्या पत्रावरूनच स्वतः होऊन याचिका दाखल करून घेतली. खांब रोवणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता. त्याच्या मनात खुर्चीवरचा माणूसच नव्हता. बहुतेक अन्याय असेच होतात.

शासकीय सेवेतील माझ्यासारख्याला या ठिकाणी एक गोष्ट विशेष वाटते. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांसाठी खर्च करावेत, असा शासनाचा आदेश आहे. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात लिहिलेला हा आकडा म्हणजे अक्षरशः वाटाच होय. गावच्या मिळकतीत पांगळ्याचे नाव प्रथमच चढले. पण वर्षअखेरीस त्याच पैशातून चादरी आणि शिधा वाटून, हार घालून, खर्च पडला असे लिहिले गेले, तर काय झाले? वाट्याचे पुन्हा ग्रासाच्छादन झाले. देणाऱ्याने पुण्य जोडले, घेणाऱ्याने नमस्कार केला, आणि शाळेची पायरी तशीच राहिली. त्या पैशातून चावडीला उतरता चढाव बांधणे, बहिऱ्या मुलीला श्रवणयंत्र देणे, अंध तरुणाला शिकावयास पाठविणे, यांत टाळ्या कमी मिळतात. पण कायद्याला अभिप्रेत आहे ते हेच.

भुकेलेल्याला घास देणारी आपली परंपरा मोठी आहे, आणि तिची हेटाळणी करण्याचे मला कारण दिसत नाही. ग्रासाच्छादनाच्या नियमाने शतकानुशतके कित्येक जीव जगविले असतील. परंतु त्या नियमात एक उणीव होती: आश्रिताने प्रश्न विचारावयाचा नसे. २०१६ च्या कायद्यात एक लहानसे कलम आहे, त्याचा उल्लेख करून हे भाषण संपवितो. आयुक्तांनी शिफारस केली की, संबंधित अधिकाऱ्याने तिच्यावर कार्यवाही करून तीन महिन्यांत ती कळवावयाची असते. शिफारस मान्य नसली, तर न स्वीकारण्याची कारणे आयुक्तांना आणि त्या अपंग व्यक्तीलाही कळवावी लागतात. हुकूमनाम्यापुढे हे कलम दुबळे वाटेल. पण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कोणी कारण सांगितले नाही, त्याच्या हातात नकाराचे कारण लिहिलेला कागद पडतो, तेव्हा तो कागद घेऊन त्याला पुढच्या दाराशी जाता येते. त्या कागदावर सही करणारे आपल्यासारखेच कोणी तरी असतात. ती सही करण्यापूर्वी आपण लिहिलेले कारण त्या माणसाच्या तोंडावर सांगता येईल काय, एवढे जरी आपण स्वतःला विचारले, तरी पुष्कळ अर्जांना द्वारकेपर्यंत जाण्याची पाळी येणार नाही.